ताटलीत पडलेला तो चमकणारा धागा प्लास्टिकचाच कशावरून?

कवडसा | रविवार, १ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज चर्चेचा पहिलाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक आठवीत आहे. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन असतं. ज्वालामुखी, पवनचक्की आणि पाणी शुद्ध करणारी बाटली बघून बघून परीक्षकही कंटाळले असतील, म्हणून बाईसाहेबांनी ठरवलं की आपल्या घरातल्या हवेत मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, आहे का ते शोधायचं. आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडला लागून, चौथ्या मजल्यावर राहतो. काचेची पेट्री डिश (९ सेंमी व्यासाची) हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर ७ दिवस उघडी ठेवली आणि मग शाळेतून मागून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली चौकोन चौकोन करत मोजलं. धागे निघाले ४३! गुलाबी, निळे, काळे, काही पांढरे आणि मस्त चमकणारे. लेकीने लगेच गणित मांडलं, ताटलीचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंमी, म्हणजे चौरस मीटरला दिवसाला ९६५ च्या आसपास. आणि तिने कुठेतरी वाचलं की युरोपातल्या पिरेनीज पर्वतात दिवसाला ३६५ मिळाले होते. झालं, चार्टवर मोठ्या अक्षरात मथळा, 'आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकचा पाऊस'.

संध्याकाळी सासऱ्यांनी चष्मा वर करून चार्ट वाचला आणि म्हणाले, हे प्लास्टिकच आहे कशावरून? धागा कापसाचा पण असतो की. ते ३१ वर्षं लालबागला गिरणीत होते, साचाखात्यात. धाग्यातलं त्यांना कोण शिकवणार! मी बीकॉम, केमिस्ट्री दहावीला सुटली ती सुटली. तर जाणकारांनी सांगा, घरच्या घरी कसं ओळखायचं?

उगाच_एक | रविवार, दुपारी ३:२२

पहिला!

पाणी गाळून प्यायलो, दूध गाळून प्यायलो, आता श्वास पण गाळून घ्यायचा. नाकाला चहाची गाळणी लावून फिरतो उद्यापासून. (ती पण प्लास्टिकची आहे म्हणा.)

बाकी फॅमिली ग्रूपवर रोज येतंच की आपण दर आठवड्याला एक क्रेडिट कार्ड खातो म्हणून. माझं बिल बघता बायको खात असावी.

खडूस_केमिस्ट | रविवार, रात्री ९:४०

कवडसाताई, सासऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी चष्मा वर करून एका वाक्यात विचारला. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत रामनच्या यंत्रावर (लेझर मारून कण कशाचा ते ओळखतं ते) बसतो, त्यामुळे हे दुखणं रोजचं आहे.

कण दिसणं ही अवघड गोष्ट नाहीच. कवडशात उडणारी धूळ पोरंसोरं पण बघतात. अवघड दोन गोष्टी. एक, तो कण प्लास्टिकचा आहे हे सिद्ध करणं. दुसरी, तो हवेतूनच आला, तुमच्या बाहीवरून नाही, हे सिद्ध करणं. दुसरी जास्त अवघड.

पहिलीबद्दल आधी. पॅरिसच्या संशोधकांनी २०१७ साली घरांमधली आणि ऑफिसातली हवा पंपाने ओढून तपासली. आत घनमीटरला १ ते ६० धागे, बाहेर ०.३ ते १.५. म्हणजे घरात जास्त, बाहेर कमी, हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं. पण गंमत पुढे आहे, त्या घरातल्या धाग्यांपैकी साधारण ६७ टक्के कापूस, लोकर, व्हिस्कोज असले निघाले आणि ३३ टक्क्यांत पेट्रोकेमिकल होतं. तुमच्या ४३ मध्ये पण असंच काहीतरी असणार. चमकतो म्हणून प्लास्टिक असं नसतं, व्हिस्कोज चांगलं चमकतं आणि ते लाकडाच्या लगद्यापासून करतात.

आता दुसरी. ब्लँक ठेवला होता का? म्हणजे तशीच दुसरी ताटली, धुतलेली, सात दिवस झाकलेली, आणि मोजताना जेवढा वेळ पहिली उघडी होती तेवढाच वेळ हिलाही उघडायचं. वाणी सुटं तेल देताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा ना, तसंच आहे हे. धडा न करता वजन केलं की भांडंही तेलाच्या भावाने विकलं जातं. ब्लँक नसेल तर ४३ या आकड्याला, राग मानू नका, काहीच अर्थ नाही.

आणि मोजताना कोणी काय घातलं होतं?

कवडसा | रविवार, रात्री १०:०५

ब्लँक नव्हता :(

लेकीच्या अंगात शाळेचा पीटी ड्रेस. माझ्या अंगात... गुलाबी फ्लीसचा गाऊन. (ठाण्यात फ्लीस कशाला म्हणू नका, ह्यांना एसी १८ वर लागतो.)

उगाच_एक | रविवार, रात्री १०:०७

गुलाबी धाग्यांचा छडा लागलेला आहे. धागा बंद करावा.

मागावाला | सोमवार, सकाळी ६:५०

इचलकरंजीवरनं रामराम. आमचे २४ माग हायत, आधी साधे होते, आता निम्मे रेपिअर. पूर्वी निव्वळ कॉटन चालायचं, आता पीसी म्हणजे पॉलिस्टर कॉटन मिक्स पण असतंय. शेडमधी तूस बघायचा असल तर या, पत्र्याच्या खालच्या अँगलवर बोटभर जाड थर बसतोय, कामगार घरी जाताना पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा दिसतोय.

सासरेबुवांचं खरं हाय. आम्ही यार्न घेताना जाळून बघतो. चिमटीत धागा धरायचा आणि काडी लावायची. कॉटन कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचा वास, हातात राख चुरगळती. पॉलिस्टर आधी आखडतंय, मग वितळून टोकाला टणक काळा मणी होतोय, बोटानं फुटत नाही. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास. मिक्स असल तर राख बी येती आणि मणी बी येतो, तिथं मात्र अनुभव लागतो. दोन मिनिटाचं काम, मशीन कशाला पायजे.

खडूस_केमिस्ट | सोमवार, सकाळी ११:१५

मागावालेकाका, अगदी बरोबर, आणि लॅबमध्येसुद्धा याचीच धाकटी बहीण वापरतात. सुई लाल होईपर्यंत तापवायची आणि मायक्रोस्कोपखाली धाग्याजवळ न्यायची. प्लास्टिक असेल तर आखडतं, वळतं, वितळतं. कापूस ढिम्म. ताई, हे घरी जमेल, फक्त सुई मोठ्या माणसाने धरा.

अडचण एवढीच की पॉलिस्टरचा धागा जाडीला १०-२० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आपला केस ५० ते १००), तो अर्धा मिलीमीटर लांब असेल तर सुईने गाठता येतो. पण फुप्फुसात खोलवर जाणारे कण १० मायक्रॉनच्या खालचे. तिथे सुई काय करणार, आणि काकांची काडी तर त्याहून नाही.

निळाई | सोमवार, दुपारी १:३०

यूव्ही टॉर्च मिळते ना ऑनलाइन, तिने प्लास्टिक चमकतं असं एका रीलमध्ये बघितलं. ते करा ताई, प्रदर्शनात अंधार करून दाखवायला पण भारी वाटेल.

खडूस_केमिस्ट | सोमवार, दुपारी २:०२

कृपा करून नको! कपड्याच्या पावडरीत आणि लिक्विडमध्ये पांढरेपणासाठी ब्राइटनर असतो, आपल्याकडे टिनोपाल म्हणायचे तोच प्रकार. तो सुती बनियनवर बसतो आणि यूव्हीखाली बनियन निळंजांभळं लखलखतं. त्या हिशोबाने अख्खा पंचा प्लास्टिकचा ठरेल.

लॅबमध्ये नाईल रेड नावाचा रंग वापरतात, तो प्लास्टिकला चिकटतो आणि मग विशिष्ट प्रकाशात चमकतो. स्वस्त आणि झटपट. पण तो चरबीलाही चिकटतो, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये नमुना ठेवून जैविक कचरा जाळून घ्यावा लागतो, आणि एवढं करूनही शेवटी खात्रीला रामन किंवा एफटीआयआर (इन्फ्रारेडने ओळखणारं यंत्र) हेच. हाताशी काही नसताना ठीक आहे, मी त्याच्यावर शपथ घेणार नाही.

अंगणवेल | सोमवार, रात्री ८:४५

अवांतर: कवडसा हे धागाकर्तीचं नाव भलतंच चपखल बसलंय या धाग्याला. आपल्याकडे जुन्या मापांच्या कोष्टकात झरोक्यातून आलेल्या उन्हात जो बारीक कण दिसतो त्याला त्रसरेणू म्हटलंय आणि तेच सगळ्यात पहिलं माप धरलंय. म्हणजे डोळ्याला दिसायची शेवटची पायरी. त्याच्या खालचं कोणी कसं मोजतं ते केमिस्टदादांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती, मायबोलीत असं कुणी सांगत नाही.

खडूस_केमिस्ट | मंगळवार, रात्री १०:५०

अंगणवेल, त्रसरेणू माहीत नव्हता, आता लॅबच्या दारावर लिहून ठेवतो.

बैजवार सांगतो. आधी हवा पकडायची. ताटली फक्त खाली पडणारं पकडते, म्हणजे मोठं आणि जड. श्वासातलं पकडायचं तर पंप लावून हवा फिल्टरमधून ओढायची. आमचा पंप मिनिटाला १६.७ लिटर ओढतो, तासाला बरोबर एक घनमीटर. २४ तासांत २४ घनमीटर, आणि माणूस दिवसाला साधारण १० ते २० घनमीटर हवा घेतो, म्हणजे दिवसभर पंप चालवला की एका माणसाच्या दिवसापेक्षा थोडं जास्तच. आता यातला विनोद ऐका, पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) मोजायला जो फिल्टर सर्रास वापरतात तो टेफ्लॉनचा असतो. प्लास्टिक शोधायला प्लास्टिकची चाळणी! म्हणून इथे काच, क्वार्ट्झ, चांदीची जाळी, अॅल्युमिना किंवा सिलिकॉनचे फिल्टर.

मग ओळख. एफटीआयआरमध्ये इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा आणि कण त्यातला कुठला भाग गिळतो ते बघायचं. चांगली पद्धत, पण साधारण १० मायक्रॉनच्या खाली ती धापा टाकते. त्याखाली रामन. लेझर कणावर मारायचा. परत येणारा बहुतेक प्रकाश गेला तसाच येतो, पण साधारण कोटीत एखादा फोटॉन रंग किंचित बदलून येतो, आणि किती बदलला त्यावरून तो कुठल्या रेणूला आपटून आला ते कळतं. पॉलिस्टर असेल तर आलेखात १६१५ आणि १७२७ च्या आसपास दोन सुया उभ्या राहतात, बघून बघून आता त्या मला स्वप्नातही दिसतात. रामनने एक मायक्रॉनपर्यंत जाता येतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ ला जाहीर केलं, म्हणून तर तुमच्या लेकीचं प्रदर्शन त्या तारखेला. तिला सांगा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या प्रदर्शनाच्या तारखेतच आहे.

आता रडगाणं. धुळीतले कितीतरी कण लेझर पडला की स्वतःच उजळतात आणि तो कोटीतला एक बिचारा त्या झगमगाटात बुडतो. दुसरं, वेळ. ४७ मिलीमीटरचा अख्खा फिल्टर मायक्रॉन मायक्रॉनने तपासायचा तर यंत्र दिवसचे दिवस अडकतं, म्हणून थोडा भाग तपासतात आणि गुणाकार करतात. पेपरात जो लाखाचा आकडा येतो त्याच्या पोटात हा गुणाकार असतो. तिसरं, तुलना. यंत्र आलेखाची जुळणी करून म्हणतं हे पॉलिएथिलीनशी (पिशव्यांचं प्लास्टिक) ७२ टक्के जुळतं. ७० च्या वर ते खरं धरायचं हा आपला एक प्रघात, ब्रह्मवाक्य नव्हे.

आणि स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा आम्हाला प्रत्येक नमुन्यात पॉलिएथिलीन मिळायला लागलं, छताजवळ, जिन्यात, देवघरात, जिथे जाऊ तिथे. दोन आठवडे आम्ही हवेत. मग ब्लँक बघितला, त्यातही तेवढंच! हातमोजे. नायट्राइलच्या हातमोज्यांवर स्टिअरेटचा हात फिरवलेला असतो, त्याची कार्बनची साखळी लांबलचक, पॉलिएथिलीनसारखीच, आणि आलेख जुळा भाऊ वाटावा इतका सारखा. हे २०२० मध्ये छापूनही आलेलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी सुती नारंगी कोट घालतो, कोणी विचारलं तर सांगतो, नारंगी धागा सापडला तर तो माझा.

अंगणवेल | मंगळवार, रात्री ११:२०

दंडवत! वाचनखूण साठवली.

गारोनकाठी | बुधवार, पहाटे ३:१५

उशीर झाला यायला. मी फ्रान्समध्ये तुलूझला असतो, आकाश स्वच्छ असलं की दक्षिणेला पिरेनीजची रांग दिसते, म्हणून लेकीच्या त्या ३६५ बद्दल लिहायलाच हवं. ते २०१९ साली प्रसिद्ध झालेलं काम, स्कॉटलंडचे आणि आमच्या इथले लोक मिळून, बर्नाडूझ नावाच्या डोंगरातल्या हवामान केंद्रावर पाच महिने. तिथे ना कारखाना ना शहर. वाऱ्याचा मार्ग उलटा काढला तर कण ९५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून आलेले असू शकतात असं निघालं. पण ताई, ते ३६५ म्हणजे तपासून प्लास्टिक ठरलेले कण, त्यात तुकडे आणि पापुद्रे पण. तुमचे ९६५ म्हणजे नुसते दिसलेले धागे. दोन्ही एका तराजूत नाही बसत.

इथल्याच गटाचं २०२५ चं काम त्याहून घराजवळचं आहे. त्यांनी रामनने १ मायक्रॉनपर्यंत उतरून स्वतःच्याच घरातली आणि गाडीतली हवा तपासली. घरात घनमीटरला मध्यक (निम्मे नमुने याच्या वर, निम्मे खाली) ५२८, गाडीत २२३८. गाडी म्हणजे डॅशबोर्ड, सीट, कार्पेट सगळं प्लास्टिक आणि काचा बंद. जवळजवळ ९४ टक्के कण १० मायक्रॉनपेक्षा लहान. त्यावरून त्यांनी अंदाज केला की मोठा माणूस असे बारीक कण दिवसाला ६८,००० श्वासातून घेतो, आधीच्या अंदाजांच्या शंभरपट. नमुने थोडेच होते हे त्यांनीच लिहिलंय. मी त्या दिवसापासून गाडीची काच दोन बोटं खाली ठेवतो, बायको म्हणते त्यापेक्षा डिझेलचा धूर चांगला का.

उगाच_एक | बुधवार, सकाळी ९:३०

म्हणजे जितकी बारीक चाळणी तितका मोठा आकडा? आमच्या सोसायटीच्या ऑडिटसारखंच आहे हे.

आणि ते क्रेडिट कार्डचं कोणीच बोललं नाही अजून.

खडूस_केमिस्ट | बुधवार, सकाळी १०:४०

चेष्टेत बरोबर बोललात. हवा तीच असते, मोजायची खालची मर्यादा बदलली की आकडा उड्या मारतो. म्हणून कोणताही आकडा दिसला की पहिला प्रश्न, किती मायक्रॉनपासून वरचे मोजले?

क्रेडिट कार्ड: २०१९ चा अंदाज, आठवड्याला ५ ग्रॅम 'पर्यंत', आणि बातमीत येईतो 'पर्यंत' गळून पडला. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने अन्न, पाणी, हवा धरून हिशोब केला तर मोठ्या माणसाला दिवसाला मध्यक ८८३ कण, वजनाने आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम आले. ग्रॅम कुठे आणि मायक्रोग्रॅम कुठे, दहा लाखपट फरक. कार्ड संपायला माणसाला शेकडो जन्म घ्यावे लागतील.

माईंची_लेक | बुधवार, रात्री ९:१०

इथेच विचारते. गेल्या दिवाळीत एक एअर प्युरिफायर घेतला, कंपनीचं नाव नको, विकणारा मुलगा म्हणाला हा हवेतलं मायक्रोप्लास्टिक मोबाइलवर दाखवतो. खरंच अॅपमध्ये तसा एक आकडा येतो. काल मी पोळ्यांसाठी पीठ चाळत होते तर आकडा तिपटीने वाढला आणि अॅप म्हणतं प्लास्टिक धोकादायक पातळीवर! फोन केला तर म्हणतात मॅडम तुमच्या पिठाची पिशवी प्लास्टिकची असेल. आता काय बोलायचं यांना? तो आकडा खरा मानू का?

खडूस_केमिस्ट | बुधवार, रात्री ९:२५

नका मानू. आत एक छोटा लेझर आणि एक प्रकाश टिपणारा डोळा असतो, कण समोरून गेला की प्रकाश विखुरतो आणि तो मोजला जातो. कण गव्हाचा, उदबत्तीचा की प्लास्टिकचा हे त्याला बापजन्मात कळणार नाही. पीएम २.५ चा ढोबळ अंदाज म्हणून ठीक. प्युरिफायरचा हेपा फिल्टर मात्र खरा असेल तर पिठाबरोबर प्लास्टिकही अडवतोच, त्यामुळे यंत्र फेकू नका, फक्त अॅपवरचं ते पान उघडू नका.

निळाई | गुरुवार, दुपारी १२:००

ताई घोडबंदर रोडला राहतात म्हणाल्या, तिथे खिडकीच्या कठड्यावर काळी पूड बसते ती? आमच्याकडे पण बसते, पुसली की दुसऱ्या दिवशी हजर. ती पण यातच धरतात का?

खडूस_केमिस्ट | गुरुवार, दुपारी १:१०

त्यात धूर, डांबर, बांधकामाची माती असं बरंच असतं, पण टायरची झीजही असते आणि बरेच संशोधक तिला मायक्रोप्लास्टिकमध्येच धरतात. आणि नेमकी तीच आम्हाला चकवते. टायरमध्ये काजळी असते, ती इन्फ्रारेड गिळून टाकते, रामनला फक्त कार्बन दिसतो. मग नमुना बंद भट्टीत तापवून त्याची वाफ करायची आणि वाफेत रबराच्या खुणा शोधायच्या. त्यात वजन कळतं, पण कण किती आणि केवढे ते कायमचं जातं. शिवाय चरबीसारख्या दुसऱ्या पदार्थांची वाफ पॉलिएथिलीनसारखी दिसू शकते. माणसाच्या मेंदूत इतकं प्लास्टिक तितकं प्लास्टिक अशा बातम्यांवर जो वाद झाला त्याचं मूळ हेच.

कवडसा | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस वाचतेच आहे. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले कार्डिंगला (कापूस पिंजायच्या खात्यात) असलेल्या माणसांची छाती सोमवारी भरून यायची, रविवारी सुट्टी झाली की सोमवारी जास्त. तेव्हा कोणी विचारलं नाही की धागा कशाचा.

खडूस_केमिस्ट | गुरुवार, रात्री १०:५५

सोमवारचा दमा! त्याला बिसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीचा आजार. तेव्हा तर शंभर टक्के नैसर्गिक धागा होता. कापूस म्हणजे निरुपद्रवी असं समजू नये.

मागावाला | शुक्रवार, सकाळी ६:४०

आमच्या वडलांना ह्योच त्रास. आता पॉलिस्टरचा तूस नाकात जातोय त्याचं काय होतंय कुणी बघितलंय का? कामगार विचारत्यात.

गारोनकाठी | शुक्रवार, दुपारी २:२०

काका, थोडं बघितलंय. पोर्तुगालमध्ये १९७५ मध्येच सिंथेटिक कापडाच्या कामगारांच्या फुप्फुसातल्या आजाराबद्दल लिहिलं गेलं. मग अमेरिकेत १९९० च्या दशकात ऱ्होड आयलंडच्या फ्लॉक कारखान्यात (नायलॉनचे बारीक तुकडे चिकटवून मखमलीसारखं कापड करतात) कामगारांना तशीच फुप्फुसं आवळण्याची व्याधी निघाली, तुकडे करताना नायलॉनच्या अगदी बारीक चिंध्या उडत होत्या. पण ते कारखान्यातलं प्रमाण. साध्या घरातल्या हवेने काय होतं यावर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लिहिलं की निष्कर्ष काढायला पुरावा अपुरा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हल इथे शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाच्या १३ तुकड्यांपैकी ११ मध्ये प्लास्टिक मिळालं, एकूण ३९ कण, ३ मायक्रॉनपर्यंतचे शोधून. मिळालं हे खरं. त्याने काय केलं ते त्यात नाही.

शेडमध्ये मास्क आणि ओल्या फडक्याने पुसणं एवढं तरी करा, हवेच्या पाइपने तूस उडवू नका.

मागावाला | शुक्रवार, दुपारी २:३५

पाइपनंच उडवतात सगळे. सांगतो.

कवडसा | बुधवार, ११ फेब्रुवारी, रात्री ९:००

अपडेट! दुसरी फेरी झाली. यावेळी तीन ब्लँक, तिन्ही अॅल्युमिनियम फॉइलने झाकलेले. दोघींनी पांढरे सुती कुडते घातले, पंखा बंद, ह्यांना बेडरूममध्ये कोंडलं. ताटलीत ३८. ब्लँकमध्ये ६, ९ आणि १२!! झाकलेल्या ताटलीत १२ धागे आले कुठून?

खडूस_केमिस्ट | बुधवार, रात्री ९:२०

तुमच्यातून, फडक्यातून, मोजताना वाकलात तेव्हा केसांतून. शाबास, हेच हवं होतं. ब्लँकची सरासरी ९, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) ३, त्याच्या तीनपट सरासरीत मिळवलं की मर्यादा १८. ताटलीत ३८, म्हणजे काहीतरी नक्की पडलंय असं म्हणता येईल. सगळे नका पाठवू, ताटलीतले १० आणि ब्लँकमधले २ उचला, काचपट्ट्यांमध्ये ठेवा आणि कुरियर करा. पत्ता व्यक्तिगत निरोपात. दुपारी यंत्र रिकामं असतं तेव्हा बघतो, साहेबांना विचारलंय.

आणि चिकटपट्टी लावू नका, ती प्लास्टिकची असते!

खडूस_केमिस्ट | रविवार, २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

निकाल. १० पैकी ५ सेल्युलोज, म्हणजे कापूस किंवा व्हिस्कोज. एक काळा, लेझर लावला की नुसता उजळतो, काही कळत नाही. एक निळा, त्याचा आलेख सुंदर आला पण तो धाग्याचा नाही, रंगाचा. इंडिगो. म्हणजे कोणाची तरी जीन्स, आणि आत कापूस आहे की पॉलिस्टर ते रंग सांगू देत नाही. एक माझ्याकडून उडाला, शिंक आली, माफी असावी. राहिले दोन, दोन्ही पॉलिस्टर. त्यातला एक गुलाबी.

ब्लँकमधला एक कापूस. दुसरा गुलाबी पॉलिस्टर, आलेख हुबेहूब तोच.

उगाच_एक | रविवार, सायंकाळी ६:१२

गाऊन!!!

कवडसा | रविवार, रात्री ८:००

अहो पण यावेळी घातला नव्हता! कपाटात होता! (कुडता त्याच कपाटात होता...)

लेक आधी रडवेली झाली, मग तिनेच मथळा खोडला. आता चार्टवर मोठा रकाना आहे, 'तपासले १०. नक्की प्लास्टिक आणि नक्की आमच्या गाऊनचं नाही: १'. खाली बारीक अक्षरात, 'माहीत नाही: ३, त्यातला एक शिंकेत गेला'. आणि आजोबांनी सांगितलं म्हणून एक ओळ, 'जे १० मायक्रॉनपेक्षा लहान आहे ते आमच्या ताटलीला आणि मायक्रोस्कोपला दिसत नाही, त्यामुळे हवा स्वच्छ आहे असं आम्ही म्हणत नाही'.

अंगणवेल | रविवार, रात्री ८:३०

त्या एका कणासाठी सगळ्यांनी केवढी मेहनत घेतली. लेकीला शुभेच्छा!

कवडसा | शनिवार, २८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

नंबर नाही आला, पहिला नंबर पाणी शुद्ध करणाऱ्या बाटलीला. पण एक परीक्षक वीस मिनिटं उभे होते आणि जाताना स्वतःच्या कोटाची बाही बघत गेले.

मागावाला | रविवार, १ मार्च, सकाळी ७:०५

पोरीचं अभिनंदन. मी बी आठवडाभर शेडच्या ऑफिसात स्टीलची ताटली ठेवलीया. केमिस्टसाहेबांनी सांगितल्यापरमाणं शेजारी एक झाकून ब्लँक बी. उघड्या ताटलीत मोजायची सोयच न्हाई, गालिचा झालाय. ब्लँकमधी बी बरंच काय काय हाय.

कवडसा | रविवार, सकाळी ७:४०

काका, ब्लँकवर झाकण कशाचं ठेवलं?

मागावाला | रविवार, सकाळी ७:४४

श्रीखंडाच्या डब्याचं. प्लास्टिकचं.

बरं, परत ठेवतो.